हाफ क्लच

अकरा वर्षं माझं ड्रायव्हिंग लायसन्स माझ्या पर्समध्ये होतं आणि त्याचा उपयोग मी फक्त ओळखपत्र म्हणून केला. कुठे फोटो असलेला कागद मागितला की मी ते काढून द्यायचे. समोरचा माणूस फोटो बघायचा, मला बघायचा आणि परत द्यायचा. ही बाई चारचाकी चालवू शकते असं कुणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय, हे त्याच्याही लक्षात येत नसे आणि माझ्याही.

घडलं होतं ते इतकं किरकोळ की सांगायला लाज वाटते. पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना खांबाला लागली. मागचा दिवा फुटला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आजूबाजूला दोन-तीन माणसं उभी होती, त्यातला एक हसला. तो माझ्यावरच हसला असेल असंही नाही. पण मी खाली उतरले, चावी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तूच घे." ते 'तूच घे' अकरा वर्षं चाललं.

सुरुवातीला कुणी विचारलं तर मी सांगायचे, "सध्या मी गाडी चालवत नाही." पुढे त्याचं झालं, "मला आवडत नाही गाडी चालवायला." आणि मग कधीतरी, नेमकं कधी ते आठवत नाही, "मला जमत नाही." या तीन वाक्यांत मराठी व्याकरण काय करतं बघा. पहिल्या वाक्यात मी कर्ता आहे. न चालवण्याचा का होईना, निर्णय माझा आहे. तिसऱ्या वाक्यापर्यंत 'मी'चं 'मला' झालंय. आता जे होत नाहीये ते मी करत नाही म्हणून नव्हे, ते आपलं आपण माझ्या बाबतीत होत नाहीये. पाऊस पडत नाही तसं.

आपल्या भाषेत मनाच्या बऱ्याच गोष्टी अशा 'मला'वर येऊन पडतात. मला भीती वाटते. मला कंटाळा येतो. मला सुचत नाही. आत्मविश्वासाचंही तेच. तो येतो, वाढतो, ढळतो, जातो. 'मी आत्मविश्वास करते' असं कुणी म्हणत नाही. मग तो यायची वाट बघत बसण्यात गैर ते काय? पाहुणा यायचाय, आपण दार उघडं ठेवलंय, बस.

मी वाट बघत होते. गाडीच्याच बाबतीत नव्हे. मी हिशेब विभागात काम करते. एकाच टेबलावर नऊ वर्षं झाली होती. दोनदा मला दुसऱ्या शाखेत, वरच्या जागेवर जाण्याबद्दल विचारलं गेलं आणि दोनदा मी नाही म्हणाले. कारण तयार होतं: ती शाखा लांब, जायला गाडी लागणार, आणि मी तर गाडी चालवत नाही. इतकं पक्कं कारण की कुणी पुढे विचारलंच नाही. तिथे बारा माणसांच्या बैठकीत उभं राहून आकडे समजावून सांगावे लागतात आणि त्या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा येतो, हे सांगायची वेळच आली नाही. एक भीती दुसऱ्या भीतीसाठी सर्टिफिकेट लिहून देत होती. अडकलेलं आयुष्य म्हणजे काही दलदलीत उभं राहून हाका मारणं नव्हे. निदान माझं तरी तसं नव्हतं. ते व्यवस्थित होतं, वेळच्या वेळी होतं, त्यात तक्रारीला जागा नव्हती. फक्त कुठलाही नवा रस्ता दिसला की मी आधी तो का बंद आहे ते शोधायचे, आणि ते मला चटकन सापडायचं.

मधल्या काळात मी जे करायचं ते सगळं केलं. म्हणजे व्हिडिओ पाहिले. सकाळी उठून आरशासमोर उभं राहा आणि म्हणा, मी सक्षम आहे, मी निर्भय आहे, मी काहीही करू शकते. मी म्हटलं. आठवडाभर म्हटलं. आठव्या दिवशी आरशातल्या बाईचा चेहरा मला ओळखीचा वाटायला लागला. वर्षअखेरीला आमच्याकडे कुणी पावतीशिवाय खर्च मांडून द्यायला आलं की मी जो चेहरा करते, तो तो होता.

हिशेबाच्या धंद्यात पहिला धडा हाच. व्हाउचर नाही तर एन्ट्री नाही. रक्कम कितीही खरी असो, माणूस कितीही सज्जन असो, कागद दाखवा. आणि मन हा फार कडक ऑडिटर आहे. "मी निर्भय आहे" अशी एन्ट्री मांडली की ते चष्म्यावरून बघून विचारतं, आधार? मग आधार शोधायला आपण जुन्या फायली उघडतो आणि तिथून निघतं काय, तर खांब, फुटलेला दिवा, हसणारा माणूस. एन्ट्री रद्द होते ती होतेच, वर जुना घोटाळाही उघडकीला येतो.

हे नुसतं माझं रडगाणं नव्हे हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड यांनी सहकाऱ्यांबरोबर २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना स्वतःशी "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच चांगलं मत होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हे वाक्य लागू पडायला हवं होतं, त्यांना ते न म्हणणाऱ्या त्यांच्यासारख्याच लोकांपेक्षा वाईट वाटलं. औषध निरोग्याला चालतं आणि आजाऱ्याला बाधतं अशातली गत. एका माणसाच्या आरशापुरतीच ही गोष्ट नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदलच नेमलं होतं. लोकांना स्वतःबद्दल चांगलं वाटायला लागलं की समाजाचे बरेच प्रश्न सुटतील असा हिशेब होता. पुढे २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र करून तपासलं, तेव्हा दिसलं की स्वतःबद्दल चांगलं वाटल्याने काम चांगलं होतं याला फारसा आधार नाही. काम चांगलं झालं की स्वतःबद्दल चांगलं वाटतं, हे मात्र बऱ्याच अंशी खरं. आम्ही याला आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक यांची गल्लत म्हणतो. नवशिका कारकून करतो ती.

जांबुवंताने हनुमानाला त्याच्या शक्तीची आठवण करून दिली आणि तो समुद्र ओलांडून गेला, ही गोष्ट आपण सगळेच ऐकत आलोय. प्रोत्साहन द्यावं तर असं, असं म्हणतात. पण जांबुवंत काय बोलला ते नीट बघा. तो 'तुला जमेल रे' एवढंच बोलून थांबला नाही. तू लहानपणी सूर्याकडे झेप घेतली होतीस, याची त्याने आठवण दिली. म्हणजे जुनं व्हाउचर काढून दाखवलं. ज्याच्या फायलीत असं एकही व्हाउचर नाही त्याला जांबुवंत काय सांगणार?

आता कुत्र्यांबद्दल लिहायचंय. हा भाग वाचायला सुखाचा नाही, पण माझ्यासाठी सगळं इथेच फिरलं.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कुत्र्यांना पट्ट्यांत अडकवून विजेचे झटके दिले जात. काही कुत्र्यांना डोक्याने एक फळी दाबली की झटका बंद करता येई. काहींना तितकेच झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका पेटीत ठेवलं. तिच्या मध्यावर अडसर होता, आणि तो ओलांडला की झटक्यातून सुटका. पहिल्या गटातल्या कुत्र्यांनी उड्या मारल्या. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री थोडी धावपळ करून खाली पडून राहिली, कण्हत, झटके सोसत. अडसर समोर होता, ओलांडण्याजोगा होता. आज असे प्रयोग करू देणार नाहीत, आणि तेच बरं.

'शिकलेली असहायता' हे नाव तेव्हापासून रूढ झालं. पण मला त्या पहिल्या प्रयोगापेक्षा पुढचा जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढच्या वर्षी त्यांनी या पडून राहिलेल्या कुत्र्यांना बरं करायचा प्रयत्न केला. मधला अडसर काढून टाकला, पलीकडून हाका मारल्या. बहुतेकांवर परिणाम शून्य. शेवटी त्यांनी कुत्र्यांच्या गळ्यात साखळी बांधली आणि त्यांना अक्षरशः ओढत पलीकडे नेलं. पुन्हा पुन्हा नेलं. आधी पूर्ण वजन ओढावं लागे, मग थोडं कमी, मग नुसता हलका हिसका पुरे. आणि मग एका टप्प्यावर कुत्रं आपणहून उठून पलीकडे गेलं. त्यानंतर ते पडून राहिलं नाही.

हाका मारून भागलं नाही. वाट मोकळी करूनही भागलं नाही. पाय पलीकडच्या जमिनीला लागावे लागले, तेही अनेकदा.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे. त्याच दोघांनी, मायर आणि सेलिग्मन यांनी, पन्नासेक वर्षांनी म्हणजे २०१६ साली लिहून टाकलं की आपण मूळ सिद्धांत उलटा मांडला होता. मधल्या काळात मायर मेंदूविज्ञानाकडे वळले होते, उंदरांच्या मेंदूंत डोकावून त्यांनी बरंच काही पाहिलं होतं. त्यातून निघालं ते असं: लांबत जाणारा त्रास सुरू झाला की गप्प पडून राहणं हे कुणी शिकत नाही. ती मेंदूची मूळ, जन्मजात प्रतिक्रिया आहे. शिकायची असते ती उलट गोष्ट, आपल्या करण्याने काहीतरी बदलतं ही. हे एकदा शिकलं की मेंदूचा पुढचा भाग खालच्या त्या जुन्या यंत्रणेला आवर घालतो. स्वतःचा गाजलेला सिद्धांत स्वतःच उलटा करायला काय लागत असेल, हा विचार मनात येऊन गेलाच. पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्या कारणाने. अकरा वर्षं मी समजत होते की माझ्यात काहीतरी मोडलंय. मोडलं काहीच नव्हतं. एक गोष्ट शिकायची राहून गेली होती.

प्रश्न एवढाच होता की साखळी कोण ओढणार.

माझी भाची प्रशिक्षणासाठी तीन महिने आमच्याकडे राहायला आली. वय तेवीस. तिला हे असलं काही मी सांगितलं नव्हतं. तिने फक्त एकदा लायसन्स बघितलं, माझ्याच पर्समधून सुट्टे पैसे काढताना, आणि म्हणाली, "मावशी, हे काय? तू गाडी चालवतेस?"

"मला जमत नाही गं."

"बरं. चल खाली."

"आत्ता? मी नाही चालवणार."

"कुणी सांगितलंय चालवायला? सीट पुढे-मागे करून बघ फक्त. काकांची उंची आणि तुझी उंची सारखी आहे का?"

पहिल्या संध्याकाळी आम्ही सीट पुढे घेतली आणि आरसे लावले. तेवढंच. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं, तीन मिनिटं बसलो, बंद केलं. तिसऱ्या दिवशी एक गाडीभर पुढे, एक गाडीभर मागे. मागे घेताना मी डोळे मिटले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मावशी, डोळे उघडे ठेवलेस तर सोपं जाईल." माझ्या तळहातांना घाम सुटला होता. म्हटलं, बघ, हे असं होतं, म्हणून मी चालवत नाही. तिने आपला हात माझ्यासमोर धरला. तोही ओला होता. "मलाही येतो," ती म्हणाली, "मी पुसते."

या एका वाक्याने जे केलं ते आठवडाभराच्या आरशाने केलं नव्हतं. घाम म्हणजे मी नालायक असल्याचा पुरावा, असं मी धरून चालले होते. तिच्या लेखी घाम म्हणजे घाम.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की 'हे मला करता येईल' हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः करून पाहण्याने, आपल्यासारख्या कुणालातरी करताना पाहण्याने, कुणी धीर दिल्याने, आणि आपल्या शरीराच्या धडधडीचा, घामाचा आपण जो अर्थ लावतो त्याने. यांत पहिली वाट सगळ्यांत भक्कम. तो ज्यांच्यावर प्रयोग करत होता त्यांतले बरेच जण सापाला भिणारे होते, इतके की त्या भीतीपायी त्यांनी बागेत जाणं, फिरायला जाणं सोडलं होतं. त्यांच्यावरचा उपचार म्हणजे भाचीचाच कारभार. आधी दुसरा कुणीतरी साप हाताळतोय ते लांबून बघा. मग दारात उभे राहा. मग खोलीत. मग जाड हातमोजे घालून स्पर्श करा. मग हातमोजे काढा. काही तासांच्या सरावात माणसं साप मांडीवर घेऊन बसली. त्यांना कुणी आधी निर्भय केलं नव्हतं. हातमोजा दिला होता.

आणि बंडुराचं आणखी एक म्हणणं, जे मला फार पटलं: सोप्या यशातून आलेला विश्वास कच्चा असतो. पहिल्या ठेचेला तो जातो. अडखळून, पुन्हा करून जे जमलं त्यातून आलेला टिकतो.

मराठीला हे आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा जाणवलं. आपण म्हणतो, भीड चेपली. भीड नाहीशी झाली असं नाही, चेपली. गादी चेपते तशी, रोज त्यावर बसून. आपण म्हणतो, हात बसला. कौशल्य कुठे येऊन बसतं तर हातात, डोक्यात नव्हे. आत्मविश्वास हा शब्द मला जरा भाषणातला वाटतो, व्यासपीठावरून बोललेला. हात बसणं आणि भीड चेपणं हे शब्द काम करणाऱ्या माणसांचे आहेत आणि दोन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ते काम तुम्ही आधीपासून, वाईट का होईना, करताय.

मी एक वही केली. आमच्या भाषेत कीर्द, म्हणजे रोजच्या नोंदी. तारीख, काय केलं, काय झालं. पहिल्या पानावरच्या नोंदी अशा आहेत: "इंजिन सुरू केलं. ३ मिनिटं. काही झालं नाही." "पुढे-मागे. काही झालं नाही." "गेटपर्यंत. चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा निघाली." काही झालं नाही, ही त्या वहीतली सगळ्यांत मोलाची नोंद आहे. कारण माझ्या डोक्यात दर वेळी काहीतरी भयंकर होणार असायचं, आणि ते झालं नाही हे मी कधी लिहून ठेवलंच नव्हतं. झालेल्या एका गोष्टीची अकरा वर्षं नोंद होती. न झालेल्यांची एकही नाही. असा एकतर्फी हिशेब मी ऑफिसात कुणाला पास करू दिला नसता.

रस्त्यावर आले तेव्हा खरी अडचण गाडीची नव्हती, लोकांची होती. सिग्नलला गाडी बंद पडली की मला वाटायचं, चौकातला झाडून सगळा समाज माझ्याकडे बघतोय. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक गमतीदार प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून त्यांना एका खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं ते पाव जणांच्या आसपास. मला हे वाचून धीर आला, पण पूर्ण नाही. कारण पाव जण बघतात. आणि मागचा हॉर्न वाजवणारा तर नक्कीच बघतो, त्याला दुसरं बघायला काय आहे? बघू दे, इथपर्यंत यायला मला एका अनोळखी बाईची मदत झाली. माझ्याच वयाची असेल, गाडीच्या काचेवर लाल 'एल' लावलेला. तिची गाडी माझ्या पुढेच बंद पडली. मागे सात-आठ गाड्या. तिने डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. चावी फिरवली, गाडी पुन्हा बंद पडली, पुन्हा फिरवली आणि गेली. सफाईदार चालवणाऱ्या हजार माणसांना मी आयुष्यभर पाहिलं होतं, त्यांच्याकडून काही शिकले नव्हते. उलट त्यांना बघून खचायलाच व्हायचं. ही बाई मला पुरली.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं, कारण 'पाऊल उचला, सगळं होईल' असं म्हणणाऱ्यांचा मला राग आहे. प्रत्येक अडकणं हे धीराअभावी नसतं. कुणाच्या डोक्यावर कर्ज असतं, कुणी घरच्या आजारपणाला बांधलेलं असतं, कुणाला वरची जागा देणारेच ती देत नसतात. अशा माणसाला आत्मविश्वास वाढवा म्हणून सांगणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. आणि जिथे सकाळी उठावंसंच वाटत नाही, आठवडेच्या आठवडे कशात मन लागत नाही, तिथे वही आणि भाची पुरत नाहीत, डॉक्टर लागतो. गंमत अशी की तिथेही उपचाराचा एक भाग हाच असतो. नैराश्यावरच्या उपचारांत, मन ताळ्यावर यायची वाट न बघता दिवसात छोट्या कृती ठरवून भरायच्या, असा एक प्रकार आहे. १९९६ साली नील जेकबसन यांच्या गटाने तो सुटा काढून तपासला, तेव्हा विचार बदलायला शिकवणाऱ्या पूर्ण उपचाराइतकाच तो उपयोगी पडला. पण ती साखळी जाणत्या हातात असावी लागते.

गाडी हाताला बसायला लागली तशी मी मनात म्हटलं, चला, आता मी धीट झाले, बैठकीतही बोलेन. पुढच्याच आठवड्यात साध्या सहा जणांच्या बैठकीत मला एक आकडा चुकीचा दिसला आणि मी गप्प बसले. तोंड उघडलं गेलंच नाही. फार निराश झाले मी त्या दिवशी. विश्वास असा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आपोआप वर्ग होत नाही. बंडुराही तो कामागणिक वेगळा मोजायचा. शस्त्रक्रिया करणारे हात स्टेजवर थरथरू शकतात. मग मी वहीत दुसरं खातं उघडलं. "बैठक. एक प्रश्न विचारला. उत्तर मिळालं. काही झालं नाही." "बैठक. आकडा चुकलाय म्हटलं. चुकला नव्हता. सॉरी म्हटलं. कुणी काही बोललं नाही." ही दुसरी नोंद लिहिताना हात थांबला होता, कारण ती सरळ सरळ पडझड होती. पण तरीही कीर्दीत जे झालं ते लिहायचं असतं. नंतर त्या पानाकडे बघताना कळलं की त्यातलं शेवटचं वाक्य पहिल्यापेक्षा मोठं आहे.

वरच्या जागेबद्दल तिसऱ्यांदा कुणी मला विचारलं नाही. दोनदा नाही म्हणणाऱ्याला कोण विचारणार? मीच मेल लिहिला. तीन ओळींचा. तो पाठवताना आत्मविश्वास वगैरे काही वाटला नाही, पोटात गोळा होता तो होताच. बोटाने बटण दाबलं, झालं. उत्तर अजून आलेलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला कुणीही तोंडाने शिकवू शकलं नाही, ती म्हणजे चढावर गाडी काढणं. क्लच आणि ॲक्सिलरेटर यांच्यामध्ये एक जागा असते. क्लच अर्ध्यावर आला की इंजिनाचा सूर बदलतो, गाडी किंचित थरथरते, तिचं नाक बोटभर वर उचललं जातं. तिथे पाय थांबवायचा, मग हँडब्रेक सोडायचा. त्याआधी सोडला तर गाडी मागे घरंगळते, क्लच घाईने सोडला तर बंद पडते. हे मला नवऱ्याने सांगितलं होतं, शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, भाचीने सांगितलं, व्हिडिओत तर बाण काढून दाखवलं होतं. मला ते वाक्य पाठ होतं. पायाला माहीत नव्हतं.

भाची गेली त्या रविवारी मी एकटीच खाली उतरले. शेजारची सीट रिकामी होती. तिच्या उंचीला मागे केलेली, तशीच. पुलाकडे जाणाऱ्या चढावर सिग्नल लागला आणि मी मधोमध अडकले, पुढे ट्रक, मागे अगदी चिकटून एक पांढरी गाडी. दिवा हिरवा झाला. ट्रक गेला. मी क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्न. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. हॉर्न आता थांबेचना. मी हँडब्रेक ओढला आणि दोन्ही तळहात ओढणीला पुसले. चावी फिरवली, पहिला गिअर टाकला आणि डावा पाय सावकाश, अगदी सावकाश वर घेत गेले. कुठे थांबायचं ते ऐकू यायची वाट बघत होते, आणि ते ऐकू यायच्या आधी पायाला कळलं. गाडी थरथरली. नाक वर आलं. मी तिथेच थांबले, गरजेपेक्षा जरा जास्तच, कारण ते फार छान वाटत होतं. मागच्याचा हॉर्न चालूच होता. मग हँडब्रेक सोडला.

घरी आल्यावर वहीत लिहिलं: "पुलाचा चढ. दोनदा बंद. तिसऱ्यांदा गेले. मागचा फार चिडला. रिव्हर्स पार्किंग अजून बाकी."